पावलांची वीज आणि तिचे पूर्वज

टोकियो स्थानकाच्या तिकीटद्वारांपाशी २००६ साली, आणि पुन्हा २००८ साली, पूर्व जपान रेल्वेने दाबाने वीज निर्माण करणाऱ्या फरश्या बसवून पाहिल्या. कल्पना नवी वाटली, तरी तिच्यामागचे शास्त्र जुने आहे. क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्येच दाखविले होते.

मात्र पावलांकडून शक्ती काढून घेण्याचा इतिहास याहूनही मागे जातो, आणि त्यातले एक प्रकरण थेट तुरुंगात नेते. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी एक प्रचंड चाक रचले. त्याच्या परिघावर पायऱ्या होत्या. कैद्याने वरच्या दांडीला धरून पायरी चढावी, ती पायाखाली खचावी, की लगेच पुढची चढावी! १८२१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात हे चाक बसले. काही ठिकाणी त्यावर धान्य दळले जाई. पण पुष्कळदा त्याला काहीच जोडलेले नसे. निष्फळता हाच शिक्षेचा गाभा होता. ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये सक्तमजुरी झाली. १८९८ च्या त्याच्या तुरुंगकाव्यात या चाकाचा उल्लेख येतो. त्याच वर्षीच्या तुरुंग कायद्यानंतर ही चाके थांबत गेली. नाव तेवढे उरले : ट्रेडमिल. आज व्यायामशाळेत ती चालविण्यासाठी उलट वीजच खर्चावी लागते, हा इतिहासाचा विनोद म्हणावा काय?

कोकणातला पायरहाटही पायांनीच फिरे. कष्ट तिथेही थोडे नव्हते; पण विहिरीचे पाणी पोफळीच्या आळ्यापर्यंत पोहोचलेले दिसे.

आता ‘फुकटच्या’ विजेचा हिशेब. साठ किलो वजनाच्या माणसाच्या पायाखाली फरशी पाच मिलिमीटर दबली, तर फार तर ३ ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. कणभरही ऊर्जा वाया गेली नाही असे धरले, तरी एका युनिटाला १२ लाख पावले लागतील. आणि ते ३ ज्यूलही फरशीचे नव्हेत. चालणाऱ्याच्या न्याहारीतून ते आलेले असतात. फरशी जेवढी खचते, तेवढे त्याला पुन्हा वर चढावे लागते. क्युबिटच्या चाकावर कैदी चढत, तसेच.