विक्रांतची अमानत

इंग्लंडमधल्या हार्टलपूल शहरात 'ट्रिंकोमाली' नावाचे एक जुने लढाऊ जहाज आजही पाण्यावर उभे आहे. १८१७ साली ते मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानातून बांधले गेले. दोनशे वर्षांहून जुने ते लाकूड तिकडच्या लोकांनी जपले आहे. शाळकरी मुले आजही त्यावर फिरायला जातात.

आता मुंबईतल्याच दुसऱ्या जहाजाची गोष्ट पाहू. आयएनएस विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू नौका. इंग्रजांनी 'हर्क्युलिस' नावाने ती बांधायला घेतली होती, पण दुसरे महायुद्ध संपले आणि काम अर्धवट राहिले. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि बेलफास्टला पूर्ण करून घेतली. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात एका बॉयलरला तडे गेलेले असतानाही ती बंगालच्या उपसागरात उतरली. तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. बांगलादेशच्या जन्मात तिचा वाटा असा आहे.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत तिचे संग्रहालय होते. २०१२ मध्ये तेही बंद झाले. खर्च कोणी करायचा, या प्रश्नावर गाडे अडले. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना ती भंगारात गेली. काही नागरिक न्यायालयात गेले, पण उपयोग झाला नाही. 'ट्रिंकोमाली' जिथे बांधली गेली, त्याच मुंबईत विक्रांत तोडली गेली.

यातून आपण शिकलो का? आयएनएस विराट २०१७ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्यासाठी ८५२ कोटींच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली. पण २०२० मध्ये विराट गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर तोडायला गेली. विशाखापट्टणमला मात्र 'कुरसुरा' ही पाणबुडी २००२ पासून लोकांसाठी खुली आहे. म्हणजे आपल्या देशात हे होत नाही, असे म्हणता येत नाही.

विक्रांतचे उरले काय? तिच्या धातूचे एक स्मारक २०१६ मध्ये मुंबईत लायन गेटसमोर उभे राहिले. त्याच वर्षी तिचा थोडा धातू वापरून बजाजने 'व्ही' मोटारसायकल आणली. ती मराठवाड्याच्या रस्त्यांवरही धावली. पण वितळलेल्या लोखंडाला स्वतःची आठवण नसते. ते कशाचे आहे हे कोणी सांगितले नाही, तर ते नुसते लोखंडच राहते.

घंटेचे तसे नाही. जुन्या विक्रांतची घंटा दिल्लीत नौदल उपप्रमुखांच्या निवासस्थानी जपलेली होती. २०२३ मध्ये ती नव्या विक्रांतला देण्यात आली. वस्तू लहानच, पण तिचे नाव, तिचे साल, ती कुठून आली, सगळे तिच्याबरोबर पोहोचले.

आपल्या बोलण्यात यासाठी 'अमानत' हा शब्द आहे. अमानत म्हणजे दुसऱ्याची ठेव. ती सांभाळायची आणि ज्याची त्याला सुखरूप पोहोचवायची. तिच्यावर आपली मालकी नसते. जुन्या जहाजाच्या निशाण्या पुढच्या पिढीची अमानत आहेत.

जहाज जपणे सरकारच्या हातात आहे. निशाणी जपणे आपल्या हातात आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या परभणी, नांदेडच्या गावांतली मुलेही फौजेत, नौदलात जातात. घरात कोणाची टोपी, बिल्ला, सेवापुस्तिका, जहाजावरचा फोटो पेटीत पडून असेल, तर तो काढा. फोटोच्या मागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: कोण, कोणते जहाज, कोणते साल, कुठे. माणूस हयात असेल तर त्याच्या तोंडून ऐकून लिहा. शाळेतल्या मुलांकडून हे काम एका सुट्टीत होऊ शकते. ज्या वस्तूवर नाव नाही, ती शेवटी भंगारवाल्याच्या हातगाड्यावरच जाते.