वकिलीची सनद आणि मराठी शाळा

तेरणाकांठचें माकणी हें गांव आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत मोडतें. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्यांत शाळा काढणें हें जितकें विद्येचें तितकेंच कायद्याचें काम होतें. दाव्या-फिर्यादींत आयुष्य घालविणाऱ्या वकिलांनीं या भागांत शिक्षणाचा भार कां उचलला, याचा उलगडा त्यावांचून होत नाहीं.

१८८४ च्या सुमारास हैदराबाद संस्थानांत फारसीच्या जागीं उर्दू ही कचेऱ्यांची भाषा झाली. मराठवाड्याच्या रयतेची बोली मराठी. पण अर्ज, दावा, निवाडा सर्व उर्दूंत. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, तेंहि उर्दू माध्यमाचें. इंग्रजीच्या ओझ्याखालीं दबलेल्या हिंदुस्थानांत देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी उपक्रम होता, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. मात्र माकणीच्या कुणब्याच्या मुलास ती भाषा परकीच होती. दोन्ही तीरांवर पाय ठेवून उभा राहूं शकणारा वर्ग वकिलांचा. घरीं मराठी, कचेरींत उर्दू. आणि सरकारी नियमाच्या शब्दाशब्दांतून वाट काढणें हा तर त्यांचा नित्याचाच धंदा.

केशवराव कोरटकर (१८६७-१९३२) हे या वर्गाचे अग्रणी. गुलबर्ग्यास आणि मग हैदराबादेस त्यांनीं वकिली केली. पुढें ते तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीशहि झाले. वामनराव नाईक प्रभृतींच्या साह्यानें १९०७ सालीं हैदराबादेस विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली, तिच्यामागें केशवरावांचें बळ होतें. राजधानींत मराठी मुलांस स्वभाषेंत शिकतां यावें एवढाच तिचा हेतु. पण संशयी दरबाराच्या डोळ्यांदेखत तो पार पाडावयाचा म्हणजे नुसता उत्साह कामाचा नव्हे. पक्षकाराची बाजू न रागावतां, न डगमगतां मांडण्याची संवय ज्यांच्या अंगीं मुरली आहे, अशीं माणसेंच तेथें टिकावयाचीं.

१९२४ च्या सुमारास खासगी शाळेस सरकारची पूर्वपरवानगी हवी, असा निर्बंध आला. शाळा म्हणजे परवान्याची वस्तु ठरली! खेड्यांतल्या पंतोजीस हा वळसा कोठून झेपणार?

माकणीच्याच परिसरांत, हिप्परगा येथें, १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली होती. १९२९ सालीं तेथें व्यंकटेश खेडगीकर नांवाचे तरुण शिक्षक आले आणि मुख्याध्यापक झाले. १९३० सालीं त्यांनीं तेथेंच संन्यास घेतला. हेच स्वामी रामानंद तीर्थ. ते वकील नव्हते. त्यांचा मार्ग अर्जाचा नव्हता, सर्वस्व देऊन मुलांत राहण्याचा होता. १९३५ सालीं ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेंत गेले. सनदवाल्यांनीं दार किलकिलें करावें आणि संन्याशानें आंत दिवा लावावा, असा हा मराठवाड्याचा विलक्षण योग.

तथापि वकिलांच्या शाळांची एक उणीव झांकतां येणार नाहीं. त्या बहुधा शहरांत राहिल्या आणि पांढरपेशांच्या मुलांस अधिक लाभल्या. वऱ्हाडांत बॅरिस्टर पंजाबराव देशमुखांनीं ही मर्यादा ओलांडली. १९३० सालीं ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले, आणि अमरावतीच्या शिवाजी शिक्षण संस्थेनें कुणब्यांच्या मुलांस वसतिगृहांचें व शाळांचें दार उघडलें. बॅरिस्टर आंबेडकरांनीं तर त्याहून खालीं, तळाशीं हात घातला. १९२४ सालीं स्थापिलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें पुढल्याच वर्षीं सोलापुरास वसतिगृह काढलें. १९२७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत शिक्षणावरील खर्चाची चर्चा निघाली, तेव्हां सरकार शिक्षणावर किती थोडें खर्चितें तें त्यांनीं आंकड्यांनिशीं दाखविलें. ते ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिनें सिद्ध केलेल्या राज्यघटनेंत ४५ वें कलम आलें: चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस दहा वर्षांच्या आंत मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा राज्यानें प्रयत्न करावा. ‘प्रयत्न’ या शब्दांतली ढिलाई पुढें महाग पडली. त्याचा मूलभूत हक्क होण्यास २००२ सालची घटनादुरुस्ती यावी लागली आणि तो अंमलांत आला १ एप्रिल २०१० रोजीं.

मराठवाड्यास मात्र १९५० सालींच दोन देणग्या मिळाल्या. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय या नांवानें ओळखलें गेलें. आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानें नांदेडास पीपल्स कॉलेज सुरू झालें.