टीव्हीवरच्या सावलीचा वैरी

पिंपरी-चिंचवडमधल्या केबलच्या टीव्हीवरची 'सावली', म्हणजे चित्राशेजारी उमटणारं दुसरं फिकट चित्र, हटली ती 2013 साली. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत हे शहर होतं. 31 मार्चची मुदत संपली आणि सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. अँटेनाच्या टीव्हीवर ही सावली अशी पडायची: सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्याची लहर थेट यायची, शिवाय एखाद्या इमारतीवर आपटून पुन्हा यायची. 300 मीटरचा वळसा म्हणजे 1 मायक्रोसेकंद उशीर. वीस इंची पडद्यावर निवेदिकेच्या कानापासून 8 मिलिमीटरवर दुसरा कान! केबलमध्ये हाच उद्योग सैल जोडण्या करतात.

एचडी आलं म्हणून सावलीमागचा हा प्रतिध्वनी संपला नाही. केबलच्या एका वाहिनीवरून सेकंदाला माहितीची सुमारे 69 लाख चिन्हं धावतात, म्हणजे तेवढ्याच उशिराचा प्रतिध्वनी सातएक चिन्हं पुढे जाऊन आदळतो. बॉक्समधला इक्वलायझर शेजारच्या चिन्हांना कमीजास्त वजन देऊन बेरीज करतो आणि प्रतिध्वनी वजा करतो. उत्तर किती चुकलं ते पाहून वजनं सतत थोडीथोडी सरकवतो.

अशा इक्वलायझरचं श्रेय सहसा बेल लॅब्सच्या रॉबर्ट लकी यांना देतात. टेलिफोनच्या तारेसाठी आपोआप जुळणारा इक्वलायझर त्यांनी 1965 मध्ये मांडला. सर्वांत जवळच्या चिन्हालाच खरं धरून पुढे शिकत राहण्याची युक्तीही त्यांचीच. दावा भक्कम आहे, तरी माझं मत स्टॅनफर्डच्या बाजूने. चूक जितकी, त्या प्रमाणात वजन सरकवण्याचा नियम तिथल्या बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी 1960 मध्ये छापला, आणि तोही टीव्ही-टेलिफोनसाठी नव्हे! त्यांनी या नियमाने शिकणारी एक पेटी केली होती, तिच्यावर चार बाय चार बटणं होती. बटणांनी अक्षराचा आकार मांडायचा, पेटीने ओळखायचा, चुकली की वजनांच्या खुंट्या थोड्या पिळायच्या. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची एक वंशशाखा इथूनच निघते.

लकींचा मूळ नियम प्रतिध्वनी शून्यावर आणतो, पण त्या भरात खरखर वाढवून ठेवतो. विड्रो-हॉफ दोन्हींची एकत्र चूक मोजतात. केबलवर दोन्ही असतात, म्हणून तिथे कुळपुरुषाचा मान याच जोडीला.

पण इक्वलायझरचीही पोच मर्यादित आहे. एचडी चित्रात चौकोन पडू लागले तर नवा टीव्ही बघायच्या आधी बॉक्सच्या मागची पिन आणि वापरात नसलेला स्प्लिटर तपासून घ्या.