वर चढणारा समुद्रतळ

१९४२ साल. सॅन दिएगोजवळच्या समुद्रात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ ध्वनिलहरींचे प्रयोग करीत होते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून खोली कळते. पण सुमारे ३०० मीटरवरूनच प्रतिध्वनी येऊ लागला! खरा तळ तर कितीतरी खाली होता. युद्धकाळात असा चकवा परवडणारा नव्हता.

सागरी जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांना वेगळीच शंका आली. १९४५ मध्ये त्यांनी या ‘तळा’वर दिवसरात्र पाळत ठेवली. सायंकाळी तो वर सरकला, पहाटे पुन्हा खाली गेला. तो थर सजीवांचा होता.

त्यातील अनेक लहान माशांच्या पोटातील वायुपिशवीवरून ध्वनी जोरात परततो. आजच्या फिश फाइंडरच्या पडद्यावर उमटणारी कमानही बहुतेकदा माशाच्या मांसाची नव्हे, त्याच्या पोटातल्या हवेची असते.