मयत खातेदाराच्या नावाने

2025 च्या मार्चात बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम 1 एप्रिलपासून राज्यभर नेण्यात आली. सातबाऱ्यावरच्या मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे चढवायची, एवढेच तिचे काम. शेजारच्या वाशिमलाही ती लागू झाली. खास मोहीम काढावी लागावी इतकी मेलेली माणसे दप्तरात नांदत होती, याचा दोष सहसा शेतकऱ्याच्या आळसावर ढकलला जातो. मला तो पुरता पटत नाही. वऱ्हाडात महसुली नोंद जन्मली ती सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी. मागे राहिलेल्यांत कोणाचे किती, हे सांगणे तिचे मुख्य काम कधीच नव्हते. मेलेल्याच्या नावाने सारा भरता येत असेल, तर ते नाव बदलण्याची घाई ना सरकारला, ना घराला.

लाभार्थींची लेखी नोंद मात्र या मातीला नवी नाही. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. 1939 मध्ये इथे सापडलेल्या ताम्रपटात दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकिर्दीच्या 37 व्या वर्षी अथर्ववेदी ब्राह्मणांना गाव दिल्याची नोंद आहे. त्यातली राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. ज्याच्याशी लोकांचा संबंध, ते लोकांना कळेल असे. पण तांब्यावर कोरलेले नाव पुढे बदलायचे कसे, याची सोय तांब्यात नसते. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले, 1861 पासून मुंबईच्या रयतवारी पद्धतीने मोजणी सुरू झाली आणि सर्व्हे नंबराशी खातेदाराचे नाव जोडले गेले. सारा भरत राहिले की जमीन वहिवाटावी, विकावी, वारसांना द्यावी, असा हक्क त्यातून आला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव चढलेला असताना हा हक्क किती मोलाचा ठरला असेल, हे सांगायला नको. मात्र एकत्र कुटुंबात नाव बहुधा कर्त्याचे, आणि बाकीच्यांचे हिस्से घरच्या समजुतीत. दप्तराने ती समजूत विचारली नाही, घराने सांगितली नाही. बाशीम, म्हणजेच वाशिम, जिल्हा 1905 मध्ये अकोल्यात विलीन झाला, 1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा वेगळा निघाला. कचेऱ्या बदलल्या, आजोबांचे नाव तिथेच राहिले.

कायदा पुढे गेला, तसे हे गप्प राहणे महाग पडू लागले. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलींना हक्क दिला, महाराष्ट्राने 1994 मध्ये त्यांना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायिक केले, 2005 मध्ये ते देशभर झाले. हिस्सेदार वाढले, पण नोंदीतले नाव एकच असेल तर लेकीचा हिस्सा कागदावर दिसतच नाही. आणि दिसू लागतो, तेव्हा पुष्कळदा हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्यापुरताच.

यावर कोणी म्हणेल, फेरफाराने मालकी मिळत नाही असे न्यायालये वारंवार सांगतात, मग नाव लावण्याचा एवढा आग्रह कशाला? म्हणणे बरोबर आहे. ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. पण उलट सिद्ध करायला जिवंत साक्षीदार लागतात, आणि प्रत्येक पिढीगणिक ते कमी होतात. जमीन महसूल संहितेने मिळालेला हक्क तीन महिन्यांत कळवायला सांगितले आहे ते उगाच नाही. शिवाय पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला, पीएम-किसानचा हप्ता हे सारे नोंदीतल्या नावाकडे पाहूनच पुढे सरकते. दुसरा आक्षेप मनाचा आहे: बाप बसलेला असताना वाटणीची भाषा म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहणे. ही भावना मी हसण्यावारी नेणार नाही. तरी हयातीत वाटण्या करून देणारे बाप आपल्या समाजाला अनोळखी नाहीत, आणि संहितेच्या कलम 85 मध्ये त्याची वाटही आहे. अभद्र वाटते ते बोलणे, पण भावाभावांना कोर्टात नेते ते न बोलणे.

बँकेत आणि विम्यात हाच गोंधळ वारसदाराऐवजी ‘नॉमिनी’च्या नावाने शिरला. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज सातबाऱ्याइतकाच घट्ट. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये विम्याबाबत तो खोडला: नॉमिनीने पैसे घ्यायचे ते वारसांसाठी. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीच्या वादात डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सबाबतही तेच ठरले. मग नॉमिनीचे नाव जुने राहिले तर बिघडले काय? विम्यात बिघडते. 2015 च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते. नोकरी लागताच आईचे नाव लिहून पॉलिसी घेतलेल्या मुलाचे पुढे लग्न झाले आणि ते नाव तसेच राहिले, तर त्या रकमेवर बायकोमुलांना हक्क सांगणे अवघड. भविष्य निर्वाह निधीच्या 1952 च्या योजनेने हे ओळखले होते. तिथे लग्न झाले की आधीचे नामनिर्देशन रद्द समजले जाते आणि नवे द्यावे लागते. विम्याच्या पॉलिसीत लग्नाने असे काही आपोआप होत नाही, सातबाऱ्यावर तर मरणानेही नाही.