बाण आणि साखळी

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात बदलीमुळे बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी माणसास पाच कोसांवरील श्रीरंगपट्टण दाखविताना टिपूच्या बाणांची कथा हमखास ऐकविली जाते. आजच्या क्षेपणास्त्राचा तो पूर्वज, असे सांगतात. ते खरे आहे. परंतु अर्धेच, असे आम्हांस वाटते.

टिपूचा बाण म्हणजे दारू ठासलेली लोखंडी नळी आणि तिला बांधलेला वेळू. तो हजार वार सहज जाई; नेमका कोठे पडेल, हे मात्र सोडणाऱ्यासही सांगता येत नसे. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री सुलतानपेठच्या राईत अशाच बाणांच्या माऱ्यात कर्नल आर्थर वेलस्ली वाट चुकला व त्यास माघार घ्यावी लागली. त्याला बाणांइतकेच अनोळखी भूमीने हरविले. आदल्या रात्री जनरल बेअर्डची तुकडीही अंधारात शत्रूच्या तळाकडेच निघाली होती. विल्यम लॅम्बटन नावाच्या अधिकाऱ्याने ताऱ्यांवरून दिशा ओळखून ती वाचविली.

श्रीरंगपट्टण पडल्यावर याच लॅम्बटनने १८०० साली बंगळूरपाशी साखळीने पायारेषा मोजली आणि १८०२ मध्ये मद्रासेस महात्रिकोणमापन आरंभिले. १८२३ साली तो वारला तो आमच्या हिंगणघाटास. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा १७९१-९२ च्या मोहिमेत याच मुलुखात होत्या. बाण मराठ्यांपाशीही असत. मुलूख शास्त्राने मोजण्याचे काम मात्र कंपनीने केले, हे आम्हांस अजून सलते.

कारण बाणाला वाट दाखविली ती मोजणीने. १९९१ च्या आखाती युद्धात वापरलेल्या टॉमाहॉक क्षेपणास्त्रात मार्गातील ठरावीक टापूंचे उंचीचे नकाशे आधीच भरलेले होते. रडार जमिनीपासूनची उंची सांगते, वायुभारमापक समुद्रसपाटीपासूनची. दोहोंच्या वजाबाकीतून खालच्या भूमीचा चढउतार कळतो. तो नकाशाशी ताडून अस्त्र आपली चूक सुधारते. उपग्रहांचे संकेत शत्रूने बुजविले, तरी डोंगर बुजविता येत नाहीत.

म्हैसूर शहरावरून चामुंडी टेकडीकडे जाताना जमीन सुमारे ३०० मीटर चढते. अशी खूण यंत्रास पुरते. श्रीरंगपट्टणच्या सपाट भातखाचरांवर मात्र ताडून पाहण्यासारखे काहीच नाही. तेथे ही ताडणी अस्त्राच्या उपयोगी पडत नाही.