मानसोल्लासांतील हिंगाची धुरी

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ वाचकांच्या परिचयाचा आहेच. त्याच्या तिसऱ्या विंशतींतील अन्नभोगप्रकरण बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत १९३९ सालीं छापून निघालें. ह्या प्रकरणांत अन्नास धुरी देण्याचा विधि येतो. तेवढ्यावरून, बाराव्या शतकांत दक्षिणेंतील लोक मांस धुरावर धरून टिकवीत असत, असें अनुमान आम्हीं पूर्वीं एका व्याख्यानांत केलें होतें. तें आतां मागें घेणें प्राप्त आहे.

मूळ पुन्हा पाहतां दिसतें तें असें. तांदुळाचें धुवण, चिंच, ताक, साखर, वेलदोड्याची पूड व आल्याचा रस ह्यांचें जें 'व्यंजन' सोमेश्वर सांगतो, त्यास शेवटीं हिंगाची धुरी द्यावयाची आहे. हा पातळ, त्याच दिवशीं संपवावयाचा पदार्थ. तो टिकविण्याचा प्रश्नच नाहीं. शिवाय हिंग अफगाणिस्तान-इराणकडून येणारा. मांसाचे सांठे धुरावण्यास तो कोण जाळील? डुकराचे केंस काढण्यास गवताचा जाळ सांगितला आहे, पण तोहि सोलण्यापुरताच. 'भडित्रक' तर शुळावर भाजून खावयाचें.

आम्ही शाकाहारी, म्हणून परीक्षा ताकावरच केली. परसांत दोन मडकीं ठेविलीं. एकांत निखाऱ्याची वाटी तरंगत ठेवून तीवर तूप व हिंग टाकिलें आणि झांकण घातलें. आमच्या घरांत ह्यास धुंगार देणें म्हणतात. सोमेश्वराचा विधि स्वयंपाकघरांत आठ शतकें टिकला आहे म्हणावयाचा! सकाळीं दोन्हीं ताकें सारखींच आंबलीं होतीं. धुंगारलेल्यास वास मात्र राहिला होता.

टिकविण्याचें धुरावणें अगदीं निराळें. त्यांत आधीं मीठ पाणी ओढून घेतें. मग मंद धूर कित्येक दिवस लागतो, मांस सुकतें, आणि धुरांतील फिनॉल जातीचीं द्रव्यें चरबी खवट होऊं देत नाहींत. ह्या क्रियेचा मानसोल्लासाच्या धुरीशीं संबंध नाहीं. कौटिल्याच्या कोष्ठागारांत सुके मासे व सुकें मांस शाकवर्गांत मोडतात, अमरकोशांत सुक्या मांसास 'वल्लूर' हा तिन्ही लिंगीं चालणारा शब्द आहे. पण दोन्हीं ठिकाणीं सुकविणें आहे, धूर नाहीं.

तरी ग्रंथांत नाहीं म्हणून घरांत नव्हतें, असेंहि म्हणवत नाहीं. चुलीवर टांगलेल्या वस्तूस धूर न मागतां मिळतो. त्याचा विधि कोण लिहिणार? गोव्यांतील चोरीस घ्या. नांव पोर्तुगीज, मिरची समुद्रापलीकडची, परंतु मीठ, सिरका व मसाला लावून भरलेली ती आंतड्यांची माळ उन्हांत सुकवून चुलीच्या धुरावर धरण्याची रीत घरोघर चालत आली. दक्षिणेंत ताडपत्रांच्या पोथ्याहि कसर लागूं नये म्हणून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवीत. म्हणजे ज्यांना धुराचा गुण ठाऊक होता, त्यांनीं तो शाईनें नोंदविला नाहीं.

राजवाड्याची पाकक्रिया श्लोकांत आली, परसांतली राहिली. ती सांपडली तर घरगुती बाडांतच सांपडेल. औषधांच्या नुसख्यांमध्यें, देण्याघेण्याच्या याद्यांच्या पाठीवर. अशीं पानें काजळलेलीं व तेलकट असतात, आणि संग्राहक तीं प्रथम बाजूस काढितात. कोणापाशीं असलीं तर रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार आम्हांस दाखवावीं.